फूल दिसल्याशिवाय

शुभदा खांबेटेला एखाद्या झाडाचं नाव विचारायचं तर हाताशी भरपूर वेळ ठेवून विचारावं लागतं. निगडी प्राधिकरणातल्या तिच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत आहे. तळमजल्यावरच्या कुसुमताईंनी एकदा कौतुकानं कुंडीतल्या रोपाचं नाव विचारलं. शुभदानं पानं उलटीपालटी करून पाहिली, एक चुरगाळून वास घेतला आणि म्हणाली, फूल आलं की सांगते. फूल यायला चौदा महिने लागले. चौदा महिन्यांनी एका सकाळी तिनं कुसुमताईंची बेल वाजवली आणि दारातच नाव सांगितलं. आपण काही विचारलं होतं हेच कुसुमताईंना आठवेना. त्यांनी तिला चहाला आत बोलावलं.

लग्नाच्या वेळीही तेच. अवधूत बघायला आला, मुलगा चांगला, नोकरी पक्की, घरच्यांनी पेढे आणायला माणूसही धाडला, आणि ही म्हणाली, मला दोन महिने द्या. दोन महिन्यांनी हो म्हणाली. अवधूत हा किस्सा आजही पाहुण्यांना सांगतो आणि वर म्हणतो, मला फूल येतंय का ते बघत होती. सगळे हसतात. शुभदा हसत नाही. खात्री केल्याशिवाय बोलू नये यात हसण्यासारखं काय आहे, हे तिला खरोखरच कळत नाही.

ही खोड तिला तिच्या सरांनी लावली. सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि दर शनिवारी मुलांना घेऊन कुठल्या तरी माळावर जायचे. तेव्हा दिघी, चऱ्होली, चाकण इकडे माळांना तोटा नव्हता. दुसऱ्या वर्षाला असताना शुभदानं नुसत्या पानांवरून एका वेलीचं नाव वहीत लिहिलं. सरांनी वही पाहिली, खिशातून खोडरबर काढून तिच्या हातावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "नाव नसलं तर पुढचा माणूस शोधेल. चुकीचं नाव असलं तर कुणीच शोधणार नाही. फूल दिसल्याशिवाय नाव लिहायचं नाही." तिनं नाव खोडलं. सर जाऊन आता अकरा वर्षं झाली, पण तो खोडरबर झिजून बोराएवढा झालेला तिच्या कंपासपेटीत अजून आहे. तिची वही अजून शिसपेन्सिलीनंच लिहिली जाते, शाई पावसात पसरते म्हणून.

पुढे ती स्वतः शिकवायला लागली, पण तासिका तत्त्वावर. दर जूनला नेमणुकीचं पत्र यायचं, दर एप्रिलला ते संपायचं, आणि मधल्या दोन महिन्यांत आपण कॉलेजचे कोण हे विचारायची सोय नसायची. अशी एकवीस वर्षं गेली. आधी कायम होण्याची आशा होती, मग तिची सवय झाली. शेवटी वनस्पतिशास्त्राला मुलंच येईनाशी झाली, विभाग बंद झाला, आणि शिपायानं येऊन तिला कपाटाची किल्ली जमा करायला सांगितलं. निरोप समारंभ कायम असलेल्या माणसांचा होतो. शुभदा किल्ली देऊन पीएमपीच्या बसनं घरी आली आणि दुसऱ्या दिवशी तिनं वाळवलेल्या पानांचे गठ्ठे उन्हात घातले.

मग वयाच्या एकावन्नाव्या वर्षी तिला चाकणच्या एका कंपनीनं बोलावलं, तेही वर्षावर्षाच्या करारावरच. ही कंपनी गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबून काढते. तिच्या परदेशी गिऱ्हाइकानं पंचवीस पानी प्रश्नावली पाठवली होती, आणि त्यात एक प्रश्न असा होता की तुमच्या व्यवसायाच्या धोरणात जैवविविधतेच्या रक्षणाला जागा कुठे आहे. आदल्या वर्षी कंपनीनं उत्तर लिहिलं होतं, आम्ही पाच जूनला झाडं लावतो. गिऱ्हाइकानं त्याला शून्य गुण दिले आणि खाली नम्रपणे कळवलं की पुढच्या वर्षीही हेच उत्तर असेल तर ऑर्डरचा फेरविचार करावा लागेल. चंडोल हा पक्षी की कुणाचं आडनाव हे ज्यांना सांगता आलं नसतं, ते मोठे साहेब त्या आठवड्यापासून दिवसातून दहा वेळा जैवविविधता म्हणू लागले.

हे सगळं ज्याच्या टेबलावर येऊन पडलं तो केयूर. वय बत्तीस, एमबीए, दाढी नीट कोरलेली, शाश्वतता विभागाचा प्रमुख. विभागात तो आणि एक प्रिंटर. केयूर वाईट मुलगा नव्हता हे आधीच सांगितलेलं बरं. तो वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. शुभदाला तो पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणे, तिच्यासाठी खुर्ची ओढे आणि तिचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घेई. एकवीस वर्षांत कॉलेजात इतकं कुणी केलं नव्हतं, त्यामुळे ती जरा विरघळलीच.

कंपनीच्या मागच्या कुंपणाला लागून दोन एकरांचा एक उतार होता. नकाशावर त्याच्यावर 'रिकामी जागा' असं छापलेलं होतं. मुरमाड जमीन, कमरेएवढं गवत, मधूनमधून बोराटीची जाळी. शुभदा पहिल्या पावसाळ्यात तिथे गेली आणि दुपारचं जेवण विसरली. सरांबरोबर ज्या माळांवर ती हिंडली होती त्यांच्यावर आता गोदामं आणि सोसायट्या उभ्या होत्या. हा तेवढा तुकडा कुणाच्या नजरेत न भरल्यामुळे वाचला होता. टिटवी खड्यांत अंडी घालत होती, चंडोल गवतातून सरळ वर उडून गात होता, आणि पंधरा मीटरवर प्रेस धाडधाड पत्रे दाबत होती. हा उतार राहिला पाहिजे, एवढं एकच तिनं त्या दिवशी मनाशी धरलं.

धोरण लिहायची वेळ आली तेव्हा तिनं त्यात एक कलम घालायला लावलं. कंपनीच्या जागेत संकटग्रस्त वनस्पती किंवा प्राणी आढळला तर त्या तुकड्यावर बांधकाम करायचं नाही. तिला वाटलं होतं केयूर उडवून लावेल. त्यानं उलट टेबलावर हात मारला आणि म्हणाला, हे गिऱ्हाइकाला फार आवडेल. सगळं जमलं होतं. तेवढ्यात शुभदाचंच मन खायला लागलं. 'आढळला' म्हणजे काय? कुणीही उठून सांगेल मला अमुक दिसलं. उद्या चुकीच्या नावावर कलम लावलं गेलं तर सगळ्या धोरणाचंच हसं होईल. तिनं कागद परत मागितला आणि पेन्सिलीनं एक शब्द वाढवला. 'पुष्टी झालेली' संकटग्रस्त वनस्पती किंवा प्राणी. केयूर म्हणाला, किती बारीक विचार करता मॅडम तुम्ही. तिला ती शाबासकी वाटली. घरी येऊन तिनं अवधूतला सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दाला कागदावर जागा मिळाली.

उतारावर तिच्याबरोबर इंदुताई असत. इंदुताई बागकामाच्या ठेकेदाराकडे कामाला होत्या. गाव कुंपणापलीकडचंच. हा उतारही पूर्वी त्यांच्या गावाचं गायरान होता. त्या शुभदाला बाई म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. शुभदाला गवतांची लॅटिन नावं ठाऊक होती आणि इंदुताईंना कुठल्या गवतावर म्हैस तोंड फिरवते ते ठाऊक होतं, त्यामुळे दोघींचं चांगलं जमलं.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये, भुरभुर पावसात, इंदुताईंनी बोराटीच्या जाळीत हात घालून एक दोऱ्यासारखी वेल वर उचलली. ही खर्चुडी, असं म्हणाल्या. खर्चुडी शुभदाला माहीतच होती. जमिनीखाली छोटा कंद, वर बारीक वेल, श्रावणाच्या पुढेमागे बोटभर लांब कंदिलासारखं फूल. पण इंदुताईंचं संपलं नव्हतं.

"ही दोन परकारची असती, बाई. एक समदीकडं घावती. ही दुसरी. हिच्या फुलाच्या शेंड्याला जांभळी लव असती. ही फकस्त ह्या उतारावर हाय."

शुभदा तिथेच ओल्या गवतात बसली. जांभळ्या लवेची खर्चुडी सरांनी आयुष्यभर शोधली होती. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी ती चाकणच्या बाजूला गोळा केलेली होती, कागदावर चिकटवलेला तो नमुना सरांनी वर्गाला दाखवला होता, आणि त्यानंतर ती कुणालाही सापडली नव्हती. दोन्ही प्रकारांची पानं सारखीच. फरक काय तो फुलात. इंदुताई सांगत होत्या की लहानपणी शेरडं राखताना पोरं साध्या खर्चुडीचे कंद उकरून खात, पण हिचा कधी खाल्ला नाही. आई म्हणायची, जे थोडं आहे ते दाताखाली घालायचं नाही. आणि कुठलाही कंद खणला तर त्याचा डोळा असलेला तुकडा परत मातीत पुरायचा, ही तर गावाची रीतच होती.

त्या दिवशी दोघींनी मिळून चौतीस वेली मोजल्या. शुभदानं वही काढली, तारीख घातली, जागा लिहिली, संख्या लिहिली. नावाचा रकाना मोकळा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं, 'ऑगस्टअखेर फूल. तेव्हा पाहणे.'

इंदुताई चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. नाव का लिहिलं नाही असं विचारलं. शुभदानं फुलाचं कारण सांगितलं.

"म्या पाह्यलंय की फूल," इंदुताई म्हणाल्या. "चाळीस वरसं पाहतीया."

शुभदा हसली आणि म्हणाली की ते वेगळं, इथे लिहायचं तर मला स्वतःला दिसायला हवं. इंदुताईंनी मान डोलावली, विळा उचलला आणि पुढच्या जाळीकडे गेल्या. त्यांना राग आला की नाही हे त्यांच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं. शुभदाला तेव्हा ते जाणून घ्यावंसंही वाटलं नाही, हे तिचं तिनंच पुढे कबूल केलं.

सहामाही तक्ता एकतीस जुलैला भरायचा होता. तक्ता संगणकावर. प्रत्येक वनस्पतीपुढे तीनच पर्याय होते, सामान्य, संकटग्रस्त किंवा आढळली नाही. अजून माहीत नाही असं म्हणायची सोय त्यात नव्हती. शुभदा तीन दिवस त्या ओळीपुढे बसली. पुण्यातल्या एका जाणकाराला फोन केला, तर त्यानं तेच सांगितलं जे तिनं स्वतः कुणालाही सांगितलं असतं. फूल आलं की पाठवा. मनातून तिला पंचाण्णव टक्के खात्री होती. संकटग्रस्त या शब्दावर बोट ठेवायला अर्धा सेकंद पुरला असता. पण राहिलेल्या पाच टक्क्यांत सर उभे होते, हातात खोडरबर घेऊन. तिनं ओळ मोकळी ठेवली. मोकळी ओळ संगणक घेत नव्हता, म्हणून केयूरनं विचारलं, मग पुढच्या सहामाहीत घालू या का? ती म्हणाली, घालू या, महिन्याभराचा तर प्रश्न आहे. तक्ता तिच्याच सहीनं गेला. त्यात एकसष्ट वनस्पती होत्या, सगळ्या सामान्य.

धोरणावर गिऱ्हाईक त्याआधीच, मार्चमध्ये, बेहद्द खूश झालं होतं. धोरणाला नव्वदच्या वर गुण पडले, त्यातल्या बांधकाम न करण्याच्या कलमाची तर खास वाखाणणी झाली, आणि कंपनीला आणखी एका गाडीच्या दारांची ऑर्डर मिळाली. मोठ्या साहेबांनी कँटीनमध्ये जिलेबी वाटली. आता दारं वाढली म्हणजे ट्रेलर वाढले. ते चाकणच्या रस्त्यावर रांग लावून उभे राहायला लागले, पोलीस पावत्या फाडायला लागले, आणि ट्रेलर उभे करायला जागा हवी म्हणून नकाशा उघडला गेला. नकाशावर एक जागा रिकामी होती.

अकरा ऑगस्टला सकाळी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकून कंपनीची बस गेटात आली, तेव्हा मागच्या कुंपणाचा एक भाग काढलेला होता आणि दोन जेसीबी आत शिरत होते. शुभदा हजेरीचं कार्ड पंच न करताच केयूरच्या केबिनमध्ये गेली. धाप लागलेली. ती म्हणाली की ते थांबवा, तिथे ती खर्चुडी आहे, मला फक्त पंधरा दिवस द्या. केयूरनं तिला बसवलं, पाणी दिलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्यानं तक्ता उघडून दाखवला, त्यात खर्चुडी नव्हती. मग धोरण उघडलं आणि त्या कलमावर बोट ठेवलं.

"पुष्टी झालेली, मॅडम. शब्द तुमचाच आहे."

मग केयूरनं जे केलं ते त्याच्या हुद्द्याच्या माणसानं सहसा केलं नसतं. त्यानं फोन हातात घेतला आणि म्हणाला, "पंधरा दिवस मी नाही देऊ शकत. पण तुम्ही तज्ज्ञ आहात. तुम्ही आत्ता म्हणालात की ही तीच आहे, तर मी आत्ता थांबवतो. वर काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघतो. आहे का ती तीच?"

बाहेर जेसीबीचा आवाज चढला होता. एक शब्द बोलायचा होता. हो म्हणायचं होतं. शुभदानं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांपुढे चौतीस वेली होत्या, इंदुताई होत्या, ऐंशी वर्षांपूर्वीचा तो पिवळा कागद होता. आणि कंपासपेटीतला बोराएवढा खोडरबरही होता.

"फूल पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार," ती म्हणाली.

केयूरनं फोन खाली ठेवला.

माणसं लाच घेऊन गप्प बसतात, भीतीनं बसतात, आळसानं बसतात. शुभदा खांबेटे प्रामाणिकपणापायी गप्प बसली, आणि उतारावर याचा परिणाम अगदी तोच झाला. दुपारी तीनपर्यंत गवत, बोराटी, मुरूम सगळं एका पातळीत आलं. टिटव्या संध्याकाळपर्यंत वरून ओरडत फिरत होत्या. शुभदा शिफ्टच्या बसमध्ये खिडकीशी बसून घरी आली आणि अवधूतनं विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाली. त्याला खरं कळायला चार दिवस लागले.

ट्रेलरतळाच्या कडेला कंपनीनं सप्टेंबरात फुलपाखरू उद्यान केलं. हडपसरच्या नर्सरीतून रोपं आली, लाल, पिवळी, जांभळी, प्रत्येकापुढे मोबाइलनं वाचायचा चौकोनी ठिपक्यांचा फलक. शुभदाच्या हातानं फीत कापून घेतली. वार्षिक अहवालासाठी केलेल्या नव्या तक्त्यात वनस्पतींची संख्या एकसष्टवरून चौऱ्याण्णव झाली, कारण उतारावरची नावं जुन्या नोंदींतून काढायला कुणी सांगितलं नव्हतं आणि नर्सरीतली मिळवायला सांगितलं होतं. अहवालाच्या भाषेत याला निव्वळ वाढ म्हणतात. शुभदानं उतारावरच्या नावांपुढे 'जागा नष्ट' असा शेरा लिहिला होता. शेऱ्याचा रकाना छापील प्रतीत बसत नव्हता.

त्याच आठवड्यात इंदुताई तिला बोलवायला आल्या. कामगारांच्या नळामागे, भिंतीच्या आडोशाला, रंगाचा एक जुना डबा होता. डब्यात बांबूची कामटी, कामटीवर वेल, वेलीवर एकच फूल. जेसीबी आला त्या सकाळी इंदुताईंनी एक कंद उकरून ओच्यात टाकला होता. डोळा मातीत परत पुरायचा, पण माती राहणार नव्हती, म्हणून आख्खाच डब्यात पुरला.

शुभदा गुडघ्यांवर बसली. चष्मा काढून पुसला. फुलाच्या शेंड्याला जांभळी लव होती, इतकी बारीक की वाऱ्याशिवाय हलत होती. सरांना जे आयुष्यभर दिसलं नाही ते तिच्यासमोर एका वितीवर होतं, आणि तिला आनंद झाला नाही. तरी तिनं वही उघडली, भिंगातून पाहून लव मोजली आणि जुलैचं पान काढून नावाचा मोकळा रकाना भरला. पंचाण्णवाचे शंभर झाले होते.

"आता बगितलं न्हवं फूल?" इंदुताई म्हणाल्या. "आता लिवा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हे केयूरपासून लपवावं असं शुभदाच्या मनात आलंच नाही. लपवणं तिला येत नव्हतं. केयूर धावत नळामागे आला, त्यानं फुलाचे चाळीस फोटो काढले, आणि इंदुताईंना वाकून नमस्कार केला. त्याला मनापासून भरून आलं होतं. शुभदानं नव्या तक्त्यात प्रामाणिकपणे लिहिलं, संकटग्रस्त, पुष्टी झालेली, संख्या एक, ठिकाण रंगाचा डबा, मूळ जागा नष्ट. ऑक्टोबरात अहवाल छापून आला. मुखपृष्ठावर ते फूल होतं, हातभर मोठं केलेलं. आत लिहिलं होतं, ऐंशी वर्षांनी पुन्हा सापडलेली संकटग्रस्त वनस्पती, कंपनीच्या आवारात, पुष्टी झालेली. खाली तज्ज्ञ म्हणून शुभदाचं नाव. तिनं ते वाक्य तीनदा वाचलं. त्यात खोटं असं काहीच नव्हतं.

चिंचवडच्या एका सभागृहात उद्योजकांच्या संघटनेनं कंपनीला ढाल दिली. केयूरनं आग्रहानं शुभदाला स्टेजवर नेलं. ढाल तिच्या हातात देऊन फोटो काढला. सूत्रसंचालकानं सांगितलं की व्यवसाय आणि निसर्ग हातात हात घालून चालू शकतात याचा हा जिवंत पुरावा आहे. अवधूत तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, आणि त्याच्याकडे पाहून तिला कळलं की तो फक्त तिच्यासाठी वाजवतोय.

गिऱ्हाइकाची माणसं नोव्हेंबरात यायची होती म्हणून डबा रिसेप्शनमध्ये गेला. डब्याला रंग दिला, बाहेरून ज्यूटचं कापड गुंडाळलं, शेजारी पितळी पाटी ठेवली. शुभदानं लेखी कळवलं होतं की फूल गळून गेलं की वेल सुकते, मग पाणी बंद करायचं, कंद कोरडा झोपू द्यायचा. डबा उन्हातच ठेवायचा, हेही लिहिलं होतं. तिचा ईमेल सगळ्यांनी वाचला. पण रिसेप्शनच्या झाडांना रोज पाणी घालायचं हे साफसफाईच्या ठेक्यात लिहिलेलं होतं, आणि ठेक्यात ईमेल नव्हता. पाहुणे आले, पाटीजवळ उभे राहून फोटो काढून गेले. डब्यात तेव्हा नुसती कामटी होती, पण झोपलेली वनस्पती म्हणून त्यांना ती फारच आवडली.

डिसेंबरात वास यायला लागला म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीनं तक्रार केली. इंदुताईंनी डबा उचलून नळामागे आणला. शुभदानं बोटांनी माती उकरली. कंद तिच्या हातात आला तो काळा, गिळगिळीत, दाबला तर पाणी सुटणारा. डोळा कुठे आहे का ते तिनं चारी बाजूंनी पाहिलं. डोळा नव्हता. पितळी पाटी रिसेप्शनमध्येच राहिली होती. तिच्याशेजारी दुसऱ्याच दिवशी नर्सरीतली एक कुंडी आली.

दोघी तिथेच नळाच्या ओट्यावर बसल्या. समोर, जिथे उतार होता तिथे, ट्रेलर उभे होते. एक ड्रायव्हर सावलीत स्टोव्ह पेटवून भात शिजवत होता. इंदुताईंनी डबा पालथा करून माती झाडाच्या बुंध्याशी सारली, हात धुतले, पदराला पुसले. मग ट्रेलरांकडे बघतच म्हणाल्या, "तवाच माझं ऐकलं असतं, तर उतार ऱ्हायला असता का, बाई?"

शुभदानं वही उघडली होती. जुलैच्या पानावर, चौतीस या आकड्यासमोर, तिच्या सुबक अक्षरातलं ते नाव होतं.

"ऐकलं होतं, इंदुताई," ती म्हणाली. "लिहिलं नाही."